चालूवर कुलूप

घाटनांदूर
२४ फेब्रुवारी २०२५

विजयसिंहराव,

नमस्कार. हा नमस्कार लेखी आहे. तोंडी आपला बंद आहे. तुमच्या मंगल कार्यालयाच्या उद्घाटनाला तुम्ही चारचौघांत मला "सायकलच्या दुकानात शिकलेला इंजिनिअर" म्हणालात, त्या दिवसापासून मी तुमच्याशी बोलणार नाही असं मनिषाला सांगून टाकलं आहे. तुम्हीही सत्यशीलाताईंना तसंच सांगितल्याचं कळलं. पण आपलं न बोलायचं ठरलं आहे. न लिहायचं कुठे ठरलं आहे? दोघी सख्ख्या बहिणी रोज फोनवर असतात, त्यांच्या हाती निरोप द्यावा तर मागच्या खेपेला माझा निरोप तुमच्यापर्यंत पोचेस्तोवर त्यात दोन साड्या आणि एक बारसं मिसळलं होतं. म्हणून हा कागद.

मुद्द्यावर येतो. तुमच्या गच्चीवर एसीची आठ बाहेरची मशिनं आहेत. म्हणजे तो भाग, जो उन्हात बसून गरम वारा फेकतो आणि ज्याच्या पंख्यात माणसाचा हात जाऊ शकतो. आठांपैकी एकाही मशीनशेजारी खटका नाही. त्यांचा आणि हॉलच्या दिव्यांचा मिळून एकच मेन, तोही खाली तुमच्या ऑफिसात, आणि ऑफिसला कुलूप. वर एखादा दुरुस्तीला बसला आणि खाली कोणी मेन चढवला, तर वरच्याला खालचा दिसत नाही, खालच्याला वरचा दिसत नाही. म्हणून प्रत्येक मशीनशेजारी, बसल्या जागेवरून हात पोचेल असा एक आयसोलेटर लागतो. छोटी पेटी, लाल दांडा. दांडा खाली ओढला की त्या एका मशीनची लाइट तुटली. एवढंच. यात न समजण्यासारखं काय आहे ते मला उद्घाटनाच्या दिवशीही समजलं नव्हतं, आजही समजत नाही.

दुसरं. तुम्ही त्या मशिनांना विहिरीवरच्या मोटारीचा ऑटो लावला आहे. शेतात ठीक आहे. थ्री-फेज कधी येईल त्याचा भरवसा नसतो, म्हणून लाइट आली की मोटर आपली आपण सुरू व्हावी असा डबा आपण लावतो आणि घरी येऊन जेवतो. पण विहिरीत मोटारीशेजारी कोणी बोट घालून बसलेला नसतो. तुमच्या गच्चीवर भागवत बसलेला असतो.

भागवत तुमच्याकडे माझ्या शब्दावर आला, हे विसरू नका. उसाच्या टोळीबरोबर तो आमच्याकडे आला, हंगाम संपल्यावर माझ्या दुकानात थांबला, काम शिकला. गाव त्याचं तुमच्याच तालुक्यात, म्हणून तुम्हाला माणूस लागला तेव्हा मी त्याला सोडला. त्याची आई रुक्मिणीबाई माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून म्हणाली होती, "मिस्तरी, फडात नेलं तर माझी त्याच्यावर नजर तरी ऱ्हाती. तुमी नेताय तर तुमी ठेवा." मी हो म्हणालो होतो.

परवा त्याला विचारलं, वर काम करताना लाइट कशी तोडतोस? तर म्हणतो, "तोडायची कावून? जातीच की. गेली का मी हात घालतो."

साडूभाऊ, अख्ख्या जिल्ह्यात लाइट जाणं हाच आपला मेन स्विच झाला आहे. फक्त त्याचा दांडा आपल्या हातात नाही.

आठ आयसोलेटर बसवून घ्या. मी येऊन बसवीन, पण बोलावल्याशिवाय येणार नाही.

उत्तरेश्वर

ता. क. ते सायकलचं दुकान नव्हतं, मोटार रिवाइंडिंगचं होतं. सायकली शेजारच्याकडे.


शिरूर कासार
६ मार्च २०२५

आमचे धाकटे साडू उत्तरेश्वरराव यांना थोरल्या साडूचा आशीर्वाद.

पत्र पोचलं. पोस्टमन विचारत होता, दादा, नोटीस आहे का? या गावात मला हाताने लिहिलेलं पत्र फक्त विरोधक पाठवतात, तेही निनावी. तुमच्या पत्राखाली सही होती, याचं कौतुक वाटलं.

तुमचा सल्ला मानला. आम्ही लोकांचं ऐकणारी माणसं. आठ आयसोलेटर आणले, बसवायला संभाजीनगरहून माणूस बोलावला. डिग्रीवाला, गळ्यात ओळखपत्र, शर्टावर कंपनीचं नाव. तोही तुमचंच तुणतुणं वाजवायला लागला, मशीनशेजारी लावू, मशीनशेजारी लावू. मी म्हणालो, "अहो साहेब, मशीनशेजारी कोण बसतंय? कबुतरं. मालक बसतो तिथं खटका पाहिजे." मग आठही आयसोलेटर माझ्या खुर्चीमागे भिंतीवर ओळीने लावून घेतले. वर वडिलांचा फोटो, त्याला हार, खाली आठ लाल दांडे. आलेला माणूस आधी तिकडेच बघतो. परवा जिल्ह्याचे एक साहेब आले होते, विचारत होते, "याने काय होतं हो?" मी एक दांडा ओढून दाखवला. हॉलमध्ये डोहाळजेवण चालू होतं, बायका ओरडल्या. साहेब खूष झाले.

ऑटो मात्र निघणार नाही. लाइट आल्यावर भागवत कुठेतरी चहाला गेलेला असणार, त्याला शोधणार कोण, तोवर पाहुणे घामाघूम. माझ्या हॉलमध्ये पाहुण्याच्या कपाळाला घाम आला तर तालुकाभर चर्चा होते. तुमच्याकडे होत नसेल.

तुमच्या भागवतची काळजी करू नका. आता तो आमचा भागवत आहे. दोन वेळचं जेवण इथेच करतो, आणि वाढपीही त्याला वचकून असतात.

आलात तर चहा मिळेल. बोलावत नाही, कारण बोलणं बंद आहे.

विजयसिंह


घाटनांदूर
१२ मार्च २०२५

थोरले साडू विजयसिंहराव (नात्याने, वयाने मी चार वर्षं मोठा आहे, हवं तर सासऱ्यांना, गहिनीनाथमामांना, विचारून घ्या),

तुमचं पत्र दुकानात मोठ्याने वाचून दाखवलं. एका गिऱ्हाइकाला हसता हसता ठसका लागला, त्याला पाणी द्यावं लागलं.

खुर्चीमागे आयसोलेटर म्हणजे सायकलचा ब्रेक काढून घरी खुंटीला टांगणं. दाखला मुद्दाम सायकलचा देतोय, तुम्हाला त्यात गोडी आहे. समजा भागवतला पाच नंबरच्या मशीनमध्ये काम आहे. तो खाली तुमच्या ऑफिसात येतो, तुमच्या वडिलांच्या फोटोला नमस्कार करतो, पाचवा दांडा ओढतो आणि जिना चढून वर जातो. तेवढ्यात आणखी एक साहेब येतात आणि विचारतात, याने काय होतं हो? तुम्ही दांडा वर करून दाखवता. काय होतं ते गच्चीवर कळतं.

डिग्रीवाल्याला काही येत नाही असं मी म्हणणार नाही. त्याला येत होतं, तुम्ही येऊ दिलं नाहीत. शिकलेल्या माणसाची हीच पंचाईत, त्याला घरी परत जायचं असतं.

आठही पेट्या उचला आणि वर न्या. ज्या मशीनचा खटका त्याच मशीनच्या कडेला. पेटी पावसाळी हवी, झाकणाला रबर असलेली. केबल पेटीत खालून शिरली पाहिजे, वरून नाही. वरून शिरवली तर पाणी केबलीवरून घसरत थेट आत जातं. आणि पेटीत शिरण्याआधी केबलीला खाली एक झोल सोडा, म्हणजे थेंब झोलाच्या टोकाला गळून पडतो. हे मला कोणी शिकवलेलं नाही. जळालेल्या पेट्या उघडून उघडून शिकलो. तुमच्या माणसाला वाचून दाखवा, नाही समजलं तर पुन्हा वाचून दाखवा.

भागवतला मी फोनवर दम भरला, की मी सांगेपर्यंत लाइट असो नसो, हात घालायचा नाही. तो म्हणाला, "मिस्तरी, मग दादा म्हणत्यात पगार कशाचा घेतो बे?" तुम्ही असं म्हणता काय?

उत्तरेश्वर


शिरूर कासार
३ एप्रिल २०२५

उत्तरेश्वरराव,

तुमच्या मनासारखं केलं. पेट्या गच्चीवर गेल्या. झोलही सोडले, रबरही लावलं. आता त्याचा परिणाम ऐका.

पंधरवड्यापूर्वी हॉलमध्ये एक लग्न होतं. नवरदेवाच्या चुलत्याला टॉवेल-टोपी मिळायला उशीर झाला. झालं काय, की आहेर वाटणाऱ्याने त्याच्या आधी गावच्या सोसायटीच्या चेअरमनला टोपी घातली. चुलता रुसला. रुसलेला माणूस पूर्वी मांडवाबाहेर जाऊन लिंबाखाली बसायचा, दोघं जण समजूत काढायला जायचे, प्रश्न मिटायचा. हा गृहस्थ गच्चीवर गेला. तिथे त्याला तुमचे आठ लाल दांडे दिसले. त्याने आठही खाली ओढले आणि मशिनांशेजारी मांडी घालून बसला. खाली ऐन अक्षतांच्या वेळी हॉल तापला. नवरीच्या मामाला चक्कर आली. चुलत्याला टोपी नेऊन घातली तेव्हा कुठे त्याने एकेक दांडा वर केला, तोही फोटो काढून घेत घेत.

म्हणजे तुमच्यामुळे माझी एसी रुसणाऱ्यांच्या हातात गेली. माझ्या तालुक्यात रुसणारे किती आहेत तुम्हाला कल्पना नाही. मी निवडणुका लढवतो, मला आहे.

यावर इलाज मी स्वतः काढला, कोणाला विचारलं नाही. वेल्डरकडून लोखंडी पट्ट्या करून घेतल्या. दांडा वर असताना पट्टी त्याच्यावरून येते आणि पट्टीला कुलूप. दांडा खाली येऊच शकत नाही. आठ कुलपं, सगळ्यांना एकच किल्ली, किल्ली माझ्या करदोड्याला. आता माझ्या परवानगीशिवाय माझ्या हॉलची एसी कुणाचा बाप बंद करू शकत नाही. आणि लाइट आल्यावर मशीन सुरू व्हायला जो उशीर लागायचा, तो करणारा डबाही काढून टाकला. आता लाइट आली की मशीन सुरू.

आनंदाची बातमी: दिपालीचं लग्न ठरलं. आठ मे, आपल्याच हॉलमध्ये. पत्रिका सोबत आहे. तुमचं नाव छापलं आहे, चौथ्या ओळीत. मुलाकडची मंडळी पुण्याची आहेत, त्यांना उन्हाची सवय नाही, तेव्हा एसीच्या बाबतीत त्या दिवशी मला काहीही ऐकायचं नाही.

विजयसिंह


घाटनांदूर
९ एप्रिल २०२५

विजयसिंहराव,

दिपालीचं अभिनंदन. मावशीचा नवरा म्हणून मला आनंद झाला. पत्रिकेत माझं नाव ट्रॅक्टरच्या शोरूमवाल्याच्या खाली आहे हे पाहिलं. त्याच्याशी तुमचं नातं काय ते पत्रिकेत लिहिलेलं नाही, बहुधा हप्त्याचं असावं.

आता कुलूप. मी तीस वर्षं या धंद्यात आहे. जळालेली पाहिली, चोरलेली पाहिली, उंदरांनी खाल्लेली पाहिली. पण आयसोलेटरला चालूवर कुलूप लावणारा माणूस मी पाहिला नव्हता. साडूभाऊ, ते कुलूप बंदवर लावायचं असतं! दांडा खाली असतानाच त्याच्या भोकात कुलूप जातं, कारण बनवणाऱ्याने ते त्यासाठीच ठेवलेलं आहे. आत हात घालणाऱ्याने दांडा खाली ओढायचा, कुलूप घालायचं, किल्ली स्वतःच्या खिशात टाकायची आणि मग निवांत काम करायचं. खाली राजा येऊ दे नाहीतर रुसलेला चुलता येऊ दे. तुम्ही वेल्डर लावून ते उलटं केलंत. आता मशीन सुरक्षित आहे, माणूस नाही.

एक तर कुलपं काढा. नाहीतर मला तसं कळवा, मी येतो आणि काढतो. माझ्याकडे छिन्नी आहे, हातोडा आहे, पट्टी दोन ठोक्यांची आहे. पण तुम्ही म्हणालात तर. दुसऱ्याच्या वास्तूतली कुलपं न विचारता फोडणारा मी नाही. मनिषा म्हणते, तुम्हीच फोन करा आणि विचारा. मी फोन करणार नाही. ज्याने बोलणं बंद केलं त्याने सुरू करावं, आणि ते तुम्ही केलं आहे, उद्घाटनाच्या दिवशी, सगळ्यांसमोर.

भागवतला मी म्हणालो, परत ये. तो म्हणाला, "दिपालीताईचं लगीन होऊ द्या मिस्तरी, मग बघू. आत्ता गेलो तर दादा म्हणतील ऐन टायमाला पळाला."

वाट पाहतो.

उत्तरेश्वर


शिरूर कासार
१५ मे २०२५

उत्तरेश्वरराव,

तुमच्या ९ एप्रिलच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं. मुलीच्या बापाला लग्नाच्या महिन्यात पत्रं लिहायला सवड नसते. आज लिहितो आहे ते तुमच्यामुळे माझी जी शोभा झाली त्याबद्दल.

पाहुणे बसलेले. मी आणि सत्यशीला पाटावर. भटजी मंत्र म्हणताहेत. आणि तुम्ही मागून धावत येता, डोक्यावरचा फेटा एका कानावर, आणि मुलाच्या आईवडिलांसमोर ओरडता, "किल्ली दे बे!" बे! थोरल्या साडूला! पाटावर बसलेल्या! अहो, न बोलण्याचं व्रत मोडायचंच होतं तर दुसरा शब्द सुचला नाही? मी कमरेचा करदोडा सोडेपर्यंत तुम्ही गेलात आणि माझ्या ऑफिसची काच फोडून मेन पाडलात. सगळा हॉल अंधारात. मुलाचे वडील मला विचारतात, "हे कोण?" मी काय सांगायचं? पत्रिकेतली चौथी ओळ?

भागवतला किरकोळ लागलं. चूक त्याची. न विचारता मशीनमध्ये हात घातला. तरी मी मागचापुढचा विचार केला नाही. नवरा-नवरीसाठी सजवलेली गाडी दारात उभी होती, त्याच फुलांच्या गाडीतून त्याला दवाखान्यात पाठवला. दिपाली आणि जावई तोवर ताटकळत उभे. दवाखान्याच्या दारात लोक गाडीला हळद-कुंकू लावायला पुढे आले म्हणतात. सगळा खर्च मी केला. नोकरीही ठेवली आहे. आणखी कोणी काय करायचं असतं?

माफीची अपेक्षा आहे. लेखी चालेल.

विजयसिंह


घाटनांदूर
२० मे २०२५

विजयसिंहराव,

किरकोळ? डाव्या हाताचं मधलं बोट वरच्या पेरातून गेलं. शेजारच्या बोटात सळई आहे. तुमच्या भाषेत किरकोळ म्हणजे दुसऱ्याचं.

मी दवाखान्यात त्याच्याशेजारी बसून सगळं विचारून घेतलं, एकेक गोष्ट दोनदा. आता तुम्ही ऐका.

पाच नंबरचं मशीन सकाळपासून खडखडत होतं. लाइट गेली. जनरेटरवर दिवे आणि पंखे चालतात, एसी चालत नाही. भागवतला वाटलं, तेवढ्यात बघून घेऊ. माझं ऐकलं असतं तर आधी खटका ओढला असता, पण खटक्यावर तुमची पट्टी आणि तुमचं कुलूप. तरीही तो खाली आला. तुमच्या पाटापर्यंत आला, वाकला आणि कानात म्हणाला, "दादा, किल्ली." आणि तुम्ही काय म्हणालात? "लाइट गेलीय ना? मग किल्ली कशाला?" म्हणजे त्याने विचारलं होतं. तुमच्या पत्रातलं "न विचारता" हे धादांत खोटं आहे.

तो वर गेला आणि जाळी काढून हात घातला. पंख्यात काय गुंतलं होतं माहीत आहे? तुमचाच फ्लेक्स. वाऱ्याने फाटून आत गेलेला. त्यातला जोडलेल्या हातांचा तुकडा तो ओढून काढत होता.

आणि तेव्हा तुम्ही पाटावरून उठून माईक घेतलात. मी शेवटच्या रांगेत होतो, शब्द न् शब्द ऐकला. "पाहुणे मंडळींनी जागा सोडू नये, मी स्वतः सबस्टेशनला बोललोय, दोन मिनिटांत लाइट येतेय!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि आली की हो लाइट! तुमच्या राजकीय आयुष्यात पहिल्यांदा दिलेलं आश्वासन वेळेत पुरं झालं. वरून ओरडण्याचा आवाज आला तेव्हा टाळ्या चालूच होत्या. मी जिन्याकडे धावलो, वरची पट्टी पाहिली, खाली धावलो. "बे" म्हणालो. पुन्हा म्हणेन.

माफी मागणार नाही. उलट माझ्याकडे पुरावा आहे. लग्नाच्या सकाळीच मी गच्चीवर जाऊन आलो होतो. आठही दांडे वर, आठही पट्ट्या, आठही कुलपं, प्रत्येकाचा वेगळा फोटो काढून ठेवला आहे, तारीख आणि वेळ कोपऱ्यात उमटलेली आहे. गाडीच्या डिकीत छिन्नी-हातोडाही होता, पण मी एकाही कुलपाला हात लावला नाही, कारण मला तसं कोणी सांगितलं नव्हतं आणि मी शब्दाने चालणारा माणूस आहे. आता हे फोटो सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकतो. चुकलं कोण ते लोकांना कळू दे.

उत्तरेश्वर


शिरूर कासार
२ जून २०२५

उत्तरेश्वरराव,

फोटो पाहिले. सासरेबुवांनीही पाहिले आणि मला फोन केला. त्यांना काहीच कळलं नाही, ते म्हणाले कुलपं चांगली आहेत, कुठून घेतली?

ग्रुपवर रोजची चर्चा नको. आपण दोघंही स्वाभिमानी माणसं आहोत. तेव्हा असं करू: दिवाळीला गहिनीनाथमामांच्या ओट्यावर सगळे जमतात. भागवतला तिथे बोलावू. त्याने सगळ्यांसमोर सांगावं, चूक कोणाची. ज्याची निघेल त्याने दुसऱ्याला फेटा बांधायचा आणि बोलणं सुरू करायचं. तो खरं बोलेल, मी त्याचा दवाखाना केला आहे.

विजयसिंह


घाटनांदूर
८ जून २०२५

विजयसिंहराव,

मान्य. तो खरंच बोलेल. त्याला काम मी शिकवलं आहे.

फेटा गुलाबी नको, मला केशरी शोभतो.

उत्तरेश्वर


मुक्काम शिरूर कासार
२६ ऑक्टोबर २०२५

विजयसिंहदादा आणि उत्तरेश्वर मिस्तरी,

दोघांचेबी नंबर मी ब्लॉक केलेत, म्हणून कागदावर लिवतो. येकच पत्र लिवून त्याच्या दोन झेरॉक्स काढल्यात, म्हंजी आधी कुनाला आलं ह्याच्यावर भांडान नको.

दिवाळीत गहिनीनाथबाबाच्या ओट्यावर ये आन चूक कुनाची ते सांग, आसे दोघांचे निरोप आलते. दादा म्हणले गाडी पाठीवतो. मिस्तरींनी पोरांसाठी फटाके धाडले. फटाके पोरांनी वाजिवले. गाडीत मी बसलो न्हाई. तुमी सगळे ओट्यावर वाट बघत बसलते म्हणं. माझी बायको मोहिनी म्हणली, जा की, दोन मोठी मानसं तुमच्या बोटावर आडलीत.

दादा, तुमच्या दोघांच्या पत्रांतलं मिस्तरींनी मला वाचून दावलं. मी किल्ली मागाय आलतो हे खरं हाय. तुमी म्हणले लाइट गेलीय ना, मग किल्ली कशाला, हेबी खरं हाय. आन मला ते पटलं, हे तिसरं खरं. खोटं कावून बोलू? आमच्या जल्मात लाइट गेली म्हंजी गेली, ती कुनी फोन केल्यानं येती हे आमी कधी बघितलंच न्हाई. आमच्या वस्तीची डीपी जळाली तवा तुमाला चार खेपा भेटलो होतो. तुमी म्हणले व्हतं, माझ्या हातात न्हाई. म्हणून मी बिनघोर हात घातला. तुमच्या हातात हाय हे तवाच कळलं.

मिस्तरी, तुमचे फोटू बघितले. मोहिनीनं पाच नंबरचा मोठा करून दावला. कुलूप लई साफ आलंय, त्याच्यावरची आक्षरं सुदिक वाचता येत्यात. माझं बोट तेवढं त्यात न्हाई. तवा ते माझ्या हातावरच व्हतं आन खाली मांडवात खुर्च्या मांडत व्हतं. तुमी जिन्यावरून उतरताना मला दिसले बी व्हते. मी राम राम केला. तुमी म्हणले, "बघतो आता ह्याच्याकडं." मला वाटलं कुलपाकडं बघताय.

तुमी माझ्या आईला म्हणलते, नजर ठेवीन. ठेवली. फोटू निघंल येवढी ठेवली. आई तुमच्यावर रागावलेली न्हाई. ती म्हणती, मिस्तरी मानूस चांगला हाय, नुसतं त्याला कुनी तरी इचारावं लागतं.

दादा, तुमी नोकरी ठेवली हे लई उपकार. पर मी आता येत न्हाई. आमी समदे उद्या फडावर निघालोत, आई बी. मोहिनीचा आन माझा मिळून येक कोयता लिवलाय मुकादमानं. ऊस डाव्या हातात धरायचा असतोय, आन मधलं बोट आखूड झाल्यानं मूठ बसत न्हाई, टिपरू निसटतंय. काल वाळल्या ताटावर सराव करून बघितला. मुकादम म्हणला, आठ-पंदरा दिसांत बसंल मूठ, दुखनार न्हाई. त्याला न्हाई दुखनार. तरी फड बरा वाटतो मला. कोयता खाली ठेवला का ठेवलेला ऱ्हातो, कुनी कुठं फोन लावला म्हणून उठून चालाय लागत न्हाई.

आता चूक कुनाची. आईनं इचारलं, मोहिनीनं इचारलं, येष्टीत कंडक्टरनं बी इचारलं. तुमाला दोघांनाच सांगनार न्हाई. सांगितली तर तुमच्यातला येक जिंकल, आन जल्मभर पावन्या-रावळ्यांत माझं बोट दावीत फिरंल. ते बोट माझं हाय. जे गेलं ते बी.

तुळशीचं लगीन झालं का तुमच्या हॉलच्या तारखा सुरू व्हतील. माझ्या जागी नवा मानूस ठेवान तवा त्याला आधी किल्ली द्या, मशीन मंग दावा.

गाडी भरायला आली. ठेवतो.

भागवत